नाल काढल्यावर घोडा खडीवर अवघडतो: कोन मोजण्याआधी तळवा तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ९ वर्षांच्या खच्ची घोड्याचे नाल काढून तीन महिने झाले. मऊ मातीवर तो नीट चालतो, खडी आली की पावलं आखडतात. पुढच्या खुरांची टोकं लांब झालीत, कडा बाहेर फाकल्यात. दर आठ आठवड्यांनी येणारा नालबंद चाकूने तळवा वाटीसारखा खोल आणि पांढराशुभ्र करून देतो, आणि त्यानंतरचे काही दिवस घोडा आणखीच जपून चालतो. आता छाटणी स्वतःच करावी असं तुमच्या मनात आहे आणि खुराच्या पुढच्या भिंतीचा, म्हणजे बाहेरच्या कडक कवचाचा, कोन किती अंशांचा ठेवायचा, हे तुम्हाला हवंय.

कोनाचं आधी सांगून टाकतो. पुढच्या खुरांना साधारण ५० ते ५५ अंश आणि मागच्यांना त्याहून थोडे जास्त असे आकडे ऐकायला मिळतात. ढोबळ सरासरी म्हणून ठीक आहेत. पण तो आकडा गाठायचा म्हणून कानस हातात घेतलीत तर फसाल. टोक लांब आणि टाच बसकी असलेल्या खुरावर जबरदस्तीने ५२ अंश आणायचे तर एक तर टाच उंच ठेवावी लागते, नाहीतर टोकाखालचा तळवा खरवडावा लागतो. पहिल्या उपायाने टाच आणखी पुढे सरकते, दुसऱ्याने घोडा लंगडतो. भिंत आतल्या हाडाला समांतर उतरायला हवी, आणि ते हाड प्रत्येक घोड्याचं, किंबहुना प्रत्येक पायाचं थोडं वेगळं असतं. माझ्या पेटीत कोनमापक आहे, पण तो मी महिन्यामहिन्याची तुलना करायला वापरतो, कापायचं किती ते ठरवायला नाही.

तुमच्या वर्णनात मला खटकलेली ओळ वेगळीच आहे: छाटणीनंतर घोडा जास्त अवघडतो. बिननालीच्या घोड्याची छाटणी बरोबर झाली असेल तर तो निदान आधीइतकाच बरा चालला पाहिजे, बहुतेकदा थोडा मोकळाच. दोन दिवस दुखणारच, असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. दर वेळी दुखत असेल तर ठेवायला हवं असं काहीतरी दर वेळी कापलं जातंय. तुमच्याकडे बहुधा तळवा.

आता अटी. मी घोडा पाहिलेला नाही. तो किती वर्षं नालेवर होता, उभा कुठे राहतो, खातो काय, अंगावर चरबी किती आहे, यावर बरंच अवलंबून आहे. तळव्याची खरी जाडी आणि हाडाची जागा बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्येच नक्की कळते. तुमच्या घोड्यासारख्या बाबतीत पुढच्या दोन खुरांचे एक्स-रे एकदा काढून घ्याच. पुढचं सगळं अंधारात चाचपडत करण्यापेक्षा ते बरं. बाकी जे लिहितोय ते माझ्या रोजच्या कामाच्या पद्धतीने.

पाय उचलायच्या आधी घोडा चालवून बघा. कडक, सपाट जमिनीवर कुणाला तरी त्याला सैल दोरीवर सरळ नेऊ द्या आणि तुम्ही बाजूला, खाली बसून बघा. मोबाइलवर चित्रण करून संथ गतीने पाहिलंत तर उत्तम, कारण पाऊल टेकण्याचा क्षण नुसत्या डोळ्याला पटकन सापडत नाही. टाच आधी टेकतेय, सगळा खूर एकदम सपाट टेकतोय, की टोक आधी टेकतंय? निरोगी पाऊल सपाट जमिनीवर किंचित टाचेकडून किंवा सपाट पडतं. टोक सतत आधी टेकत असेल तर घोडा टाचेचा भाग वाचवतोय, आणि अशा वेळी पहिला संशय मी फ्रॉगवर, म्हणजे तळव्याच्या मधल्या, टाचेकडून टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या रबरासारख्या त्रिकोणी भागावर घेतो. मग त्याच घोड्याला खडीवरून न्या. कडक जमिनीवर नीट आणि खडीवर अवघड, म्हणजे तळवा पातळ. दोन्हीकडे अवघड असेल तर मामला वेगळा. तो शेवटी लिहिलाय.

मग घोडा चारही पायांवर चौकोनी उभा करा आणि खूर बाजूने बघा. वरच्या केसांच्या रेषेपासून खाली येणाऱ्या भिंतीचा पहिला दोनेक सेंटीमीटरचा भाग नीट न्याहाळा. तो अलीकडे उगवलेला, आतल्या हाडाला घट्ट चिकटलेला असतो. त्याच्या सरळ रेषेत एक पट्टी खालपर्यंत धरा. खालची भिंत पट्टीच्या बाहेर जिथून पळायला लागते तिथून फाकणं सुरू झालेलं आहे. पुढच्या बाजूची भिंत महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते, त्यामुळे वरून निघालेली चांगली भिंत जमिनीपर्यंत पोचायला ९ ते १२ महिने लागतात. टाचेची उंची कमी, म्हणून तिथे त्याच्या निम्म्या काळात नवं खूर खाली येतं. तीन महिन्यांपूर्वी नाल काढलेल्या घोड्याच्या खुराचा खालचा बराचसा भाग अजून नालेच्या काळातलाच आहे. घाई करून तो बदलत नाही.

भिंतीवरची आडवी वलयंही बघून घ्या. बारीक आणि सगळीकडे सारख्या अंतरावर असतील तर चारा, ऋतू बदलल्याची नोंद समजा. पुढे एकमेकांना चिकटलेली आणि टाचेकडे पसरत गेलेली दिसली तर लॅमिनायटिस, म्हणजे भिंत आणि हाड यांना जोडणाऱ्या पापुद्र्यांची सूज, होऊन गेलेली असू शकते. ही शंका आली की कानस खाली ठेवा आणि पशुवैद्यांना बोलवा.

आता पाय उचला. आधी फक्त खूर साफ करायची आकडी आणि ब्रश. चाकू अजून खिशातच राहू दे. फ्रॉगच्या दोन्ही बाजूंच्या खाचा टोकापर्यंत साफ करा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या खाचांमध्ये आहे. या खाचेचा तळ आणि आतलं हाड यांच्यातलं अंतर फारसं बदलत नाही. बदलते ती बाजूच्या तळव्याची जाडी. त्यामुळे तळवा जाड असेल तेव्हा खाच खोल दिसते आणि पातळ असेल तेव्हा उथळ. मोजताना एक सपाट पट्टी तळव्याच्या बाहेरच्या कडेवर, भिंतीच्या अगदी लगत, आडवी ठेवा. वाढलेल्या भिंतीवर ठेवाल तर खोली फुगवून दिसेल. मग फ्रॉगच्या पुढच्या टोकाशेजारी खाचेच्या तळापासून पट्टीपर्यंतचं अंतर घ्या. दीड सेंटीमीटर किंवा जास्त भरलं तर निश्चिंत राहा. एका सेंटीमीटरच्या आत असेल तर तळवा पातळ आहे आणि त्याचा एक कणही काढायचा नाही. ही ढोबळ खूण आहे, एक्स-रेची बरोबरी करत नाही, पण कुठलंही यंत्र न लागता रोज घेता येते.

इथे एक फसवणूक होते. चाकूने कोरलेला तळवा खोल दिसतो म्हणून निरोगी वाटतो. खरी वाटी हाडाच्या खालच्या आकारावरून येते, ती आतून तयार होते. चाकूने केलेल्या वाटीत खोली असते, जाडी नसते. टोकाच्या मागे, भिंतीच्या लगत दोन्ही अंगठ्यांनी जोरात दाबून बघा. तळवा जरा जरी दबला तर तो धोक्याइतका पातळ आहे. तुमच्या घोड्याचा छाटणीनंतर लगेच असा दबत असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

तळव्यावर मेलेला थर असतो हेही खरं. खडूसारखा, भुसभुशीत, भेगाळलेला, आकडीने खरवडला की भुगा होऊन पडणारा. तो सुटा होऊन पडत असेल तर पडू द्या. खाली मेणासारखा, चिवट, किंचित चकाकणारा थर लागला की थांबायचं. आणि फ्रॉगच्या टोकापुढचा, पांढऱ्या रेषेपर्यंतचा (तळवा आणि भिंत जिथे जुळतात ती रेष) पट्टा मी कधीच कापत नाही, तो कितीही ओबडधोबड दिसो. हाडाचं टोक त्याच्याच वर असतं आणि घोड्याने तिथला कडक थर स्वतः कमावलेला असतो. तुमच्या नालबंदाचा हेतू वाईट नसणार. नाल ठोकायची असते तेव्हा तळवा नालेला टेकू नये म्हणून तो मोकळा करायची सवय असते, आणि नाल जमिनीपासून खूर उचलून धरते म्हणून तेवढं खपूनही जातं. बिननालीचा घोडा त्याच तळव्यावर चालतो. त्यांच्याशी भांडू नका. तळव्याला चाकू लावू नका, एवढं पुढच्या वेळी स्पष्ट सांगा आणि ते काम करत असताना समोर उभे राहा.

फ्रॉगबद्दल. मधली खाच रुंद आणि उथळ असावी, अंगठा टेकेल अशी. ती अरुंद फट होऊन आकडीचं टोक आत बुडत असेल, काळपट ओल आणि घाण वास असेल, तर तो थ्रश, म्हणजे फ्रॉग कुजवणारा संसर्ग आहे. टोक आधी टेकवत चालण्याचं हे नेहमीचं कारण आहे आणि खुराच्या कोनाशी त्याचा संबंध नाही. फट रोज साफ करून कोरडी करायची, पशुवैद्यांनी दिलेलं औषध लावलेली पातळ गॉज पट्टी आत सारायची आणि उभं राहायची जागा कोरडी ठेवायची. जळजळीत द्रावणं ओतून जिवंत भाग भाजू नका. फ्रॉग कापून सुबक करायची तर अजिबात गरज नाही. लोंबणारे, खाली घाण धरणारे तुकडे तेवढे काढा. जमिनीला टेकणारा जाड फ्रॉग आणि त्यावरची टाचेची गादी पावलाचा धक्का पचवतात. मिशिगन स्टेट विद्यापीठातले पशुवैद्यक शरीररचनातज्ज्ञ रॉबर्ट बाउकर यांनी खुराच्या या मागच्या भागाचा, तिथल्या कूर्चांचा आणि बारीक रक्तवाहिन्यांचा अभ्यास केला. धक्का पचवण्यात तिथल्या रक्तप्रवाहाचा वाटा असतो अशी त्यांची मांडणी आहे. ती पूर्ण मान्य करा वा करू नका, फ्रॉग वापरात राहिला की टाच सुधारते हे आमच्या कामात रोज दिसतं.

प्रत्यक्ष छाटणी मी टाचेपासून सुरू करतो. बार (टाचेशी भिंत आत वळून फ्रॉगच्या बाजूने पुढे जाते तो भाग) आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यातला भुगा साफ केला की जिवंत तळव्याची पातळी दिसते. भिंत त्या पातळीच्या एक-दोन मिलिमीटर वर ठेवायची, त्याखाली कधीच जायचं नाही. टाच पुढे वाकून चिरडलेली असेल तर तेवढं वाकलेलं खूर काढल्यावर टेकण्याची जागा आपोआप थोडी मागे जाते. पण टाच आधीच तळव्याच्या बरोबरीला असेल तर तिथे काढण्यासारखं काही नाही, मग ती कितीही बसकी दिसो. तुमच्याकडे यातलं काय आहे ते मला इथून सांगता येणार नाही. बार तळव्यावर आडवे पसरले असतील तर त्यांची कड तळव्याच्या जरा वर येईल इतकीच कमी करा, मुळापासून खोदू नका.

टाचेचं झालं की बाजूची भिंत तळव्याच्या जरा वर आणायची. मग टोक. लांब टोक खालून कापून कमी होत नाही. खालून कापलं की तळवा जातो आणि टोक पुढे आहे तिथेच राहतं. पाय पुढे घेऊन गुडघ्यावर किंवा स्टँडवर ठेवा आणि कानस भिंतीच्या बाहेरच्या कडेवर, वरून आणि पुढून, साधारण ४५ अंशांत तिरकी चालवा. पांढऱ्या रेषेच्या बाहेरच राहा आणि शेवटी कड गोल करा. पाऊल उचलताना लांब टोकावर तरफ लागते आणि प्रत्येक पावलाला भिंत आतल्या पापुद्र्यांपासून ओढली जाते. म्हणून पांढरी रेष रुंद होते, तिच्यात माती-खडे घुसतात. ती तरफ काढली की वरून उतरणारी भिंत घट्टच उतरते. बाजूच्या फाकलेल्या कडांनाही हेच. भिंतीच्या वरच्या दोन-तृतीयांश भागाला कानस लावायची नाही. दिसायला गुळगुळीत होतं, पण भिंत पातळ होते आणि फाकणं काही थांबत नाही.

टोक किती मागे आणायचं? खुराचा सर्वांत रुंद भाग शोधा. तो फ्रॉगच्या खऱ्या टोकाच्या साधारण दोन-अडीच सेंटीमीटर मागे येतो. खऱ्या टोकाच्या म्हणतोय, कारण लांब खुरात फ्रॉगही पुढे ओढला जातो आणि त्याचा सुटा पापुद्रा टोकासारखा दिसतो. त्या रुंद रेषेच्या पुढची आणि मागची लांबी जवळपास सारखी असावी. तुमच्या घोड्यात पुढचा भाग बराच मोठा निघेल. तो एका बैठकीत निम्म्यावर आणायचा नाही. पांढरी रेष परवानगी देईल तितकंच, आणि उरलेलं पुढच्या वेळी.

डावी-उजवी बाजू समान आहे का, हे नुसतं टाचेकडून डोळा लावून ठरवू नका. पाय वाकडा धरला की खूरही वाकडा दिसतो. फ्रॉगच्या मागच्या टोकाशी दोन्ही बाजूंच्या खाचांची खोली मोजा, ती सारखी असली की टाचा सारख्या. पाय जन्मतः बाहेर किंवा आत वळलेला असेल तर मोठ्या झालेल्या घोड्यात तो छाटून सरळ करायला जाऊ नका. सांध्यांवर ताण येतो.

स्वतः करावं का? करा, पण अर्धं. आठ आठवड्यांची मोठी छाटणी सोडून द्या. दर दोन आठवड्यांनी फक्त कड गोल करा आणि टोकाचा तिरका उतार परत आणा. धारदार कानस आणि जाड हातमोजे एवढंच लागतं, आणि चाकू हातात नसला की मोठी चूक होणं अवघड असतं. चार-पाच हात फिरवले की कानस बाजूला ठेवा, पाय जमिनीवर सोडा, दोन पावलं मागे जाऊन बघा. टाच आणि बार यांसाठी चार ते सहा आठवड्यांनी, बिननालीच्या खुरांचा सराव असलेल्या माणसाला बोलवा. म्हणजे तुमच्या घोड्यासाठी क्रम असा: तळव्याला चाकू बंद, फ्रॉग कोरडा, टोक वरून मागे, आणि मग थांबायचं.

थांबायचं म्हणजे घोडा उभा करून ठेवायचा नाही. खूर चालण्याने घडतो. तळवा पातळ असेपर्यंत खडीवर हूफ बूट, म्हणजे खुरावर चढवायचे बूट, घाला. माप छाटणीनंतर घ्या, रुंदी आणि लांबी दोन्ही. बाकी वेळ तो बरा चालतो त्या जमिनीवर रोज चालवा. मग हळूहळू लहान, गोल खडे अंथरलेला तुकडा त्याच्या पाण्याच्या वाटेवर ठेवता येतो. कल्पना जुनीच आहे. ग्रीक सेनानी झेनोफन याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात घोड्याच्या उभं राहायच्या जागी गोल दगड पसरायला सांगितलं होतं, खूर कणखर व्हावेत म्हणून. त्याच्या घोड्यांना नाल नव्हती.

इथे रानटी घोड्यांचा दाखला हमखास निघतो. अमेरिकेतल्या मोकाट मस्टँग घोड्यांचे आखूड, गोल कडांचे खूर पाहूनच ही कड गोल करायची पद्धत रूढ झाली, आणि ती उपयोगीही आहे. पण ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाच्या क्रिस पॉलिट आणि ब्रायन हॅम्पसन यांनी मोकाट ब्रम्बी घोड्यांचे खूर तपासले तेव्हा जमिनीप्रमाणे खुरांचे आकार बदलतात हे दिसलं. मऊ जमिनीवरच्यांचे खूर लांब आणि फाकलेले, कठीण जमिनीवरच्यांचे आखूड, आणि दोषही बऱ्याच खुरांत, लॅमिनायटिससकट. त्यामुळे एक आदर्श खूर डोळ्यांसमोर ठेवून सगळ्या घोड्यांना त्यात बसवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

खाणं तपासल्याशिवाय छाटणीचा फायदा अर्धाच दिसतो. धान्य, गूळ, साखरयुक्त कोवळं गवत जास्त असेल तर पांढरी रेष कितीही छाटलं तरी रुंदच राहते. मानेवर कडक चरबीचा पट्टा, शेपटीच्या मुळाशी गाठी असतील तर पशुवैद्यांकडून इन्सुलिनची तपासणी करून घ्या. चाऱ्यात तांबं आणि जस्त कमी पडतंय का तेही बघा. मिश्रणं मात्र अंदाजाने देऊ नका.

आता वर राहिलेला मामला. कडक जमिनीवरही आखडणं, खूर गरम लागणं, घोट्याच्या मागे नाडी ठळक उडणं, पुढचे पाय पुढे टाकून वजन मागे घेऊन उभं राहणं, ही लॅमिनायटिसची लक्षणं असू शकतात. त्याच दिवशी पशुवैद्य हवेत. एकाच पायावर अचानक जोरात लंगडणं बहुधा आत पू झाल्याचं लक्षण असतं. तेव्हाही तळवा स्वतः उकरू नका.

पुढे विचारायचं असेल तर फोटो पाठवा: प्रत्येक खूर बाजूने, कॅमेरा जमिनीला टेकवून; समोरून; टाचेच्या मागून; आणि साफ केलेला तळवा अगदी सरळ वरून, खाचेत पट्टी उभी धरून. छाटणीच्या आधीचे आणि नंतरचे, दोन्ही. आणि खडीवर चालतानाचं अर्ध्या मिनिटाचं चित्रण, त्याशिवाय मी काही ठाम सांगणार नाही.